वासंतीबाई क्राइसटागात जातात

श्यामकांत निरगुडकर पडले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. दोन हजार सातच्या जानेवारीतली संध्याकाळ होती आणि त्यांना मीटिंगला जायचं होतं. वासंतीबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. दारापाशी काहीतरी आपटल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांना वाटलं, कोट अडकवायचा स्टँड पुन्हा कलंडला. त्या हात धुऊन, पुसून मग बाहेर आल्या. हात न धुता धावल्या असत्या तरी काही फरक पडला नसता, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवस ते क्राइसच्या रुग्णालयात होते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

क्राइस म्हणजे इथला जिल्हा. आपल्या जिल्ह्याच्या मानाने अगदीच लहान, एखाद्या तालुक्याएवढा. होलरटाल हा असाच एक क्राइस, फ्रँकफर्टच्या उत्तरेला गाडीने तासाभरावर. टेकड्या, बीटाची शेतं, उतरत्या छपरांची गावं आणि मधे होलरस्टाट नावाचं एक गाव, ज्याला इथले लोक शहर म्हणत. मिरजेचे श्यामकांत डार्मस्टाटला डॉक्टरेट करायला आले, रसायनांच्या एका कंपनीत लागले, आणि घर स्वस्त मिळालं म्हणून होलरस्टाटला स्थायिक झाले. वाईच्या वासंतीबाई लग्न होऊन थेट तिथेच आल्या. मुलगा यशोधन तिथेच जन्मला, शिकला आणि बॉनला एका टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला.

श्यामकांतांना गप्प बसवत नसे. कचऱ्याचा डबा वेळेवर का उचलला नाही, ते विचारायला म्हणून ते एकदा क्राइसच्या कचेरीत गेले आणि पुढे जातच राहिले. जर्मन पासपोर्ट घेतला आणि कुठल्याच मोठ्या पक्षात नसलेल्या लोकांच्या गटात शिरले. गावोगावी जाऊन लोकांशी बोलले, आणि क्राइसटागावर, म्हणजे क्राइसच्या सभेवर, निवडून आले. पुण्याला गेले की सांगत, "मी झेडपी मेंबर आहे." लोक हसत. मग ते गंभीर होऊन समजावत, की खरोखरच तसंच आहे, शाळांच्या इमारती, मुलांच्या बस, कचरा, रुग्णालय, रस्ते, निराधार मुलं, सगळं क्राइसटाग ठरवते, सभासदांना पगार नसतो, लोक नोकऱ्या सांभाळून हे करतात. जेवताना हेच विषय वासंतीबाईंच्या कानावर पडत. त्या "हं" म्हणत आणि पोळी वाढत. त्या गावच्या वाचनालयात अर्धा दिवस काम करत. तिथली पुस्तकं आणि घर, एवढ्यात त्यांचं भागत होतं.

श्यामकांत गेल्यावर त्या रडल्या नाहीत. सगळे वाट पाहत होते. यशोधन बॉनहून येऊन आठवडाभर राहिला. फ्रँकफर्टच्या महाराष्ट्र मंडळातले लोक डबे घेऊन आले, मिरजेहून नणंदेचे, मनोरमाताईंचे, रोज फोन आले. "वहिनी, रडून घ्या हो," त्या म्हणायच्या. "हो," वासंतीबाई म्हणायच्या. झोप येत होती, भूक लागत होती. फक्त सगळं जरा लांबून ऐकू येई, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसं. आपल्यात काहीतरी चुकतंय का, असा प्रश्नही त्यांना पडला, पण त्याचं उत्तर शोधायचा उत्साह नव्हता.

त्या दिवसांत कागद पुष्कळ आले. बँक, विमा, कंपनी, दफनभूमीची कचेरी. यशोधन बोट ठेवायचा तिथे त्या सही करायच्या. तो परत गेल्यावर त्या स्वतःच बोट ठेवून सही करू लागल्या.

अशाच एका दुपारी हेर ड्योंगेस आले. हे श्यामकांतांच्या गटाचे नेते. आयुष्यभर छपरं बसवण्याचा धंदा केलेला, आता निवृत्त, रुंद खांद्यांचा माणूस. सोफ्याच्या टोकावर बसून त्यांनी कॉफीचा कप हातात फिरवला.

"आल्झो, फ्राऊ निरगुडकर," ते म्हणाले, "श्यामची जागा रिकामी झाली आहे."

"हो."

"नियम असा आहे, की ती जागा आमच्याच यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. पुढच्या होत्या फ्राऊ मोल, पण त्या कासेलला राहायला गेल्या. त्यांच्या पुढच्याने नकार दिला. त्याला दुकान आहे, वेळ नाही. त्यानंतर तुम्ही."

वासंतीबाईंना आधी वाटलं, जर्मन समजण्यात काहीतरी चूक झाली. मग आठवलं. निवडणुकीच्या आधी श्यामकांत एक कागद घेऊन आले होते. यादी लांब दिसली पाहिजे, नुसतं नाव हवं, निवडून यायची भीती नाही, असं म्हणाले होते. त्यांनी पोळपाटाशेजारीच सही केली होती. गावात वाचनालयातल्या बाई म्हणून लोक त्यांना ओळखत, आणि मतपत्रिकेवर कुणी कुणी त्यांच्याही नावापुढे खुणा केल्या असाव्यात, म्हणून नाव यादीत वर सरकलं असावं.

"तुम्ही नाही म्हणू शकता," ड्योंगेस म्हणाले. "कुणी काही बोलणार नाही. इतक्या लवकर तुमच्यापुढे हे आणावं लागतंय, याचं मलाच बरं वाटत नाही."

"नाही म्हणायला काय करावं लागतं?"

"इथे खूण करायची आणि सही."

"आणि हो म्हणायला?"

"तिथे खूण करायची आणि सही."

दोन्हीकडे सारखंच काम होतं. वासंतीबाईंनी कागद जवळ ओढला आणि हो लिहिलेल्या चौकोनात खूण केली. का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं आणि पुढेही कधी नीटसं आलं नाही. ड्योंगेसनी कागद घडी न करता फाइलमध्ये ठेवला. निघताना म्हणाले, "पहिल्यांदा मी तुम्हाला न्यायला येईन."

क्राइसटाग क्राइसच्या कचेरीतल्या मोठ्या दालनात भरे. लाकडी टेबलं अर्धवर्तुळात, समोर अध्यक्ष, बाजूला लांडराट म्हणजे क्राइसचा मुख्य, मागे लोकांना बसायला खुर्च्या. अध्यक्षांनी नव्या सभासद म्हणून त्यांचं स्वागत केलं, लोकांनी टाळ्यांऐवजी टेबलावर बोटांची टकटक केली. श्यामकांतांच्याच खुर्चीवर त्या बसल्या. समोर नव्या पाटीवर त्यांचं नाव होतं. त्यांना वाटलं होतं, त्या खुर्चीवर बसताना तरी आत काहीतरी हलेल. खुर्ची जरा उंच होती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. तेवढंच जाणवलं.

मग विषय सुरू झाले. एका शाळेच्या खिडक्या बदलायच्या होत्या. कचऱ्याचा करार नव्याने द्यायचा होता. मारहाणीमुळे घर सोडून आलेल्या बायकांच्या आसऱ्याला मदत चालू ठेवायची होती. लोक उठून बोलत, एकमेकांना टोकत, हसत. अध्यक्ष विचारत, बाजूने कोण? ड्योंगेसचा हात वर गेला, की वासंतीबाईंचा जाई. त्यांचा खाली आला, की यांचा येई. तीन तासांत त्यांनी कितीदा हात वर केला ते त्यांना आठवलं नाही. घरी येऊन त्यांनी आमटीभात खाल्ला आणि झोपल्या.

असंच वर्ष गेलं म्हणा ना. दर काही आठवड्यांनी क्राइसटाग, त्याआधी गटाची बैठक 'हिर्श' नावाच्या खानावळीच्या मागच्या खोलीत. ड्योंगेस न्यायला येत, परत सोडत. वासंतीबाई न चुकता जात. कागदांचे गठ्ठे घरी येत, ते त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत, कारण वाचायची सवय होती. वाचलेलं डोक्यात राही, पण त्याचं काय करायचं हे मनात येत नसे. वाचनालयातली नोकरी त्यांनी सोडून दिली. का सोडली असं यशोधनने विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी उठून जायचं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

यशोधन दर रविवारी फोन करी. आईचं मराठी त्याला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. "आई, दास हाउस इस्ट त्सू ग्रोस फ्युअर दिख," तो म्हणायचा. घर तुला एकटीला फार मोठं आहे. बॉनला त्याच्या घराजवळ एक फ्लॅट रिकामा होता.

"बघू," त्या म्हणत.

"तुला तिथे ठेवणारं काय आहे आता?" त्याने जर्मनमध्येच विचारलं.

त्यांनी विचार करून पाहिला. काहीच सापडेना. "बघू रे," त्या पुन्हा म्हणाल्या.

नोव्हेंबरात उंटरहोलर्नच्या शाळेचा विषय आला. उंटरहोलर्न हे टेकडीच्या पोटातलं छोटं गाव, तिथली प्राथमिक शाळा शंभर वर्षांची. मुलं कमी होत चालली होती, दोन-दोन इयत्ता एका वर्गात बसत होत्या, छप्पर गळत होतं. शाळा बंद करायची आणि मुलांना बसने होलरस्टाटला आणायचं, असा प्रस्ताव होता. मतदानाआधी प्रत्येक गटाने जागेवर जाऊन पाहावं असं ठरलं. ड्योंगेसनी वासंतीबाईंना गाडीत घातलं आणि नेलं.

शाळेच्या अंगणात वीसेक पालक उभे होते. पाऊस भुरभुरत होता. वासंतीबाईंना वाटलं, हे लोक श्यामकांतांना ओळखत होते, दोन शब्द बोलतील. गावातल्या सगळ्यांनीच वर्षभर काहीबाही बोलून झालं होतं, त्यांनाही त्याची सवय झाली होती. त्यांनी नाव सांगितलं. कुणी हात पुढे केला नाही.

एक उंच, तांबूस केसांची बाई पुढे आली. फ्राऊ वीगांड. तिची मोठी मुलगी पाचवीत होती आणि बसने होलरस्टाटला जात होती, धाकटी इथे पहिलीत होती.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या पत्नी," ती म्हणाली. "हा प्रस्ताव तुमच्या नवऱ्याने लिहिला होता, माहीत आहे ना?"

वासंतीबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी ड्योंगेसकडे पाहिलं. ते छपराकडे पाहत होते, धंद्यातल्या माणसाने पाहावं तसे.

"त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला," फ्राऊ वीगांड म्हणाली, "ते गेले याचं वाईट वाटलं. पण याच जागी उभं राहून त्यांनी आम्हाला सांगितलं, की शाळा टिकणार नाही. आम्ही म्हटलं, मग बसचं काय? सहा वर्षांची मुलं त्या बसने कशी जाणार? ते म्हणाले, मी स्वतः तुमच्याबरोबर एकदा त्या बसने जाईन, आणि मग बोलू. मग नाताळ आला. पुढे ते आलेच नाहीत."

"जानेवारीत ते..." वासंतीबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," ती म्हणाली, जरा खालच्या आवाजात. "पण दुसरं कुणीच आलं नाही."

परतताना गाडीत वासंतीबाईंनी विचारलं, "हे खरं आहे का, की यांनी लिहिलं होतं?"

"खरं आहे," ड्योंगेस म्हणाले. "आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. छप्पर मी पाहिलंय, ते दुरुस्त होण्यातलं नाही. नवं बांधावं, तर पाच वर्षांनी आत बसायला मुलं नसतील. श्यामने सगळं मांडून दाखवलं आणि म्हणाला, हे आपणच सांगायला हवं. लोकांनी त्याला भरपूर शिव्या दिल्या. त्याने घरी नाही सांगितलं?"

सांगितलं असेल. जेवताना सांगितलं असेल आणि त्यांनी "हं" म्हणून पोळी वाढली असेल. वासंतीबाई काचेबाहेर पाहत राहिल्या. वाईटही वाटलं नाही. फक्त ते बसचं डोक्यातून जाईना. कुणाकडून आणलेलं भांडं घरात राहून गेलं आहे, ते नेऊन द्यायला हवं, अशासारखं काहीतरी.

जानेवारीत शाळा उघडल्यावर एका सकाळी त्या टॅक्सी करून उंटरहोलर्नला गेल्या. अजून उजाडलं नव्हतं. फ्राऊ वीगांडला आदल्या दिवशी फोन केला होता. ती दारात मोठ्या मुलीला घेऊन उभी होती, चेहऱ्यावर विश्वास बसत नसल्यासारखा भाव.

बस गावात येत नव्हती. गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर थांबत होती. तिथवर जायला फुटपाथ नव्हता, रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालायचं. बर्फ बाजूला सारून ठेवलेला होता, त्यामुळे कडही उरली नव्हती. थांब्यावर एक खांब आणि एक दिवा. मालाचे ट्रक इतक्या जवळून जात, की वासंतीबाईंच्या कोटाची टोकं हलत. मोठी मुलं दप्तरांनी एकमेकांना ढकलत होती. बस आली ती आधीच भरलेली होती. फ्राऊ वीगांडच्या मुलीने वासंतीबाईंना हाताला धरून आत घेतलं. बसायला जागा नव्हती. दांडीला हात पुरेना, म्हणून त्यांनी एका सीटची पाठ धरली. वळणावर एक मुलगी घसरून त्यांच्या पायांवर पडली, उठली, आणि माफी मागून पुन्हा उभी राहिली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रोजचंच होतं.

होलरस्टाटला उतरल्यावर त्या चालत घरी आल्या. हात गारठले होते. गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचायला घेतलं आणि मधेच थांबल्या. त्यांना राग आला होता. इतक्या दिवसांनी काहीतरी येत होतं, त्यामुळे ते ओळखायलाच वेळ लागला. राग होता, आणि श्यामकांतांवरच होता.

"अहो, हे तुम्ही करायचं होतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "लोकांना शब्द देऊन ठेवायचे आणि..."

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आधण उकळून आटलं. त्यांनी पुन्हा पाणी ठेवलं, चहा केला, उभ्यानेच प्यायला. राग अर्धा तास टिकला असेल. मग तोही ओसरला आणि पुन्हा पहिल्यासारखं सपाट झालं. पण काय करायचं ते मात्र पक्कं झालं होतं.

मतदानाआधीची गटाची बैठक 'हिर्श'मध्ये होती. क्राइसच्या वाहतूक खात्यातला एक तरुण अधिकारी नकाशा घेऊन आला होता. ड्योंगेस म्हणाले, बाजूने आणि विरोधात जवळपास सारखी मतं आहेत, आपल्या गटातल्या सगळ्यांचे हात लागतील.

"माझा हात नाही येणार," वासंतीबाई म्हणाल्या.

वर्षभरात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. कुणीतरी बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही शाळा बंद करायच्या विरोधात आहात?" ड्योंगेसनी विचारलं.

"नाही. छप्पर मी पाहिलं. पण ती लहान मुलं मोठ्या रस्त्यावर उभी राहणार असतील, तर मी हात वर करणार नाही. बस गावात आली पाहिजे. आणि बसमध्ये मुलांबरोबर कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. हे दोन्ही ठरावातच लिहायचं. नंतर बघू असं नको."

तरुण अधिकाऱ्याने नकाशा उलगडला. "गावात बस वळू शकत नाही, फ्राऊ निरगुडकर. चौक लहान आहे. आम्ही तपासलं आहे."

"कचऱ्याची गाडी गावात जाते का?"

"जाते."

"ती कुठे वळते?"

तो नकाशावर वाकला. "अग्निशामक दलाच्या शेडपुढे. पण ती गाडी बसपेक्षा आखूड आहे."

"मग आखूड बस आणा."

"त्यात सगळी मुलं मावणार नाहीत."

"मोठी मुलं त्यांच्या बसने जातील. ही लहान मुलांसाठी वेगळी. कचऱ्याचा करार आपण मागच्या वर्षी दिला, त्यात गाडीची लांबी लिहिली आहे. मी वाचलं आहे."

त्यांचं जर्मन साधं होतं, शब्दांची लिंगं चुकत, कुठे 'देअर' हवं तिथे 'दी' येई. कुणी हसलं नाही. अधिकारी म्हणाला, एकदा गाडी नेऊन पाहावं लागेल. "नेऊन पाहा," वासंतीबाई म्हणाल्या. "मतदानाला वेळ आहे."

ड्योंगेसनी नकाशाची घडी घातली. मग अधिकाऱ्याला म्हणाले, "गेनाऊ, बरोबर आहे. नेऊन पाहा."

मार्चमध्ये क्राइसटागापुढे ठराव आला तेव्हा त्यात दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. मागच्या खुर्च्या उंटरहोलर्नच्या लोकांनी भरल्या होत्या. काहींनी शाळेचं नाव लिहिलेले कापडी फलक आणले होते, ते अध्यक्षांनी खाली ठेवायला लावले. भाषणं लांबली. विरोधातला एक जण म्हणाला, पोटातून आतडं काढायचं आणि वर सुंदर टाका घालायचा, असा हा प्रकार आहे. वासंतीबाईंना ते अगदीच खोटं वाटलं नाही. त्या उठून बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते खानावळीत सांगून झालं होतं.

"बाजूने कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

ड्योंगेसचा हात वर गेला. वासंतीबाईंनी या वेळी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. फ्राऊ वीगांड दुसऱ्या रांगेत बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. तिच्याकडे पाहत वासंतीबाईंनी हात वर केला. तिने नजर हटवली नाही, यांनीही नाही. हात जड वाटला, खांद्यापासून. मोजणाऱ्याने दोनदा मोजलं. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली आणि लोक बोलत बाहेर जाऊ लागले.

पार्किंगमध्ये फ्राऊ वीगांड त्यांच्या शेजारून गेली. "तुम्ही एक मत वेगळं दिलं असतंत, तर बरोबरी झाली असती," ती म्हणाली. "बरोबरी म्हणजे ठराव पडतो."

"हो," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग का दिलंत?"

"छप्पर गळतं आहे. आणि पाच वर्षांनी पुन्हा हेच झालं असतं, तेव्हा बसचं कुणी विचारलं असतं की नाही माहीत नाही."

फ्राऊ वीगांडने किल्ली काढली. गाडीचं दार उघडून आत बसली आणि गेली.

ड्योंगेसनी त्यांना घरी सोडलं. दारापाशी म्हणाले, "श्यामला आनंद झाला असता."

"त्यांनी माझं व्याकरण सुधारलं असतं," वासंतीबाई म्हणाल्या. ड्योंगेस हसले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. तो एवढा मोठा माणूस गाडीत बसून रुमाल शोधत होता आणि वासंतीबाई बाहेर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना त्याचा थोडा हेवा वाटला.

त्या रात्री, किंवा पुढच्या कुठल्या रात्री, त्यांनाही रडू आलं असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. वसंत आला, बागेत श्यामकांतांनी लावलेली ट्यूलिप्स आली, त्यांनी ती पाहिली. यशोधन दोनदा येऊन गेला. बॉनचा फ्लॅट दुसऱ्या कुणाला दिला गेला, हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्या "बरं झालं" म्हणाल्या, आणि आपण असं म्हटलं याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उंटरहोलर्नची शाळा उघडली नाही. खिडक्यांवर फळ्या बसल्या. गावात जायला वासंतीबाईंना काही कारण नव्हतं, तरी पहिल्या दिवशी त्या गेल्या. पांढरी आखूड बस शेडपुढे हळूच वळून उभी राहिली. आत एक म्हातारी बाई मुलांचे पट्टे लावत होती. आयाबाया खिडकीशी उभ्या होत्या. एका आजोबांनी वासंतीबाईंना ओळखलं आणि पाठ फिरवली. त्या थोडा वेळ थांबल्या आणि निघाल्या.

गावातल्या लोकांनी त्यांना माफ केलं असं म्हणता येणार नाही. काही जण बोलत, काही नाही. होलरस्टाटच्या सुपरमार्केटात फ्राऊ वीगांड अधूनमधून दिसे. मान हलवी न हलवीशी करी आणि गाडा पुढे ढकली. वासंतीबाईंनाही तेवढंच योग्य वाटे.

ऑक्टोबरात एके दिवशी मात्र ती गाजरांच्या खोक्यांपाशी थांबली.

"बस वेळेवर येते," ती म्हणाली.

"बरं."

"पण बसमधल्या बाई सोमवारी आल्या नव्हत्या. कालही नाही. मुलं एकटीच गेली. ड्रायव्हर म्हणतो, मला माहीत नाही. हे आता कुणाला सांगायचं असतं?"

वासंतीबाईंनी हातातली गाजरं खोक्यात परत ठेवली. "मला," त्या म्हणाल्या.

पर्समधून त्यांनी फोन काढला. वाहतूक खात्याचा नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून आधी यंत्राचा आवाज आला, मग पिआनोचं संगीत सुरू झालं आणि थांबेचना. लोक गाडे घेऊन त्यांना वळसा घालून जात होते. फ्राऊ वीगांडने आपला गाडा भिंतीला लावला आणि तीही शेजारी उभी राहिली.

"वेळ लागतो का?" तिने विचारलं.

"लागतो," वासंतीबाई म्हणाल्या. "तुमची धाकटी कुठल्या सीटवर बसते? ते पण विचारतील ते."